मुंब्रा गेलं, डोंबिवली आली

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून निघालेली चौदा डब्यांची गाडी २१ मैलांचा लोखंडी रस्ता कापून ठाण्याला पोचली. डब्यांत चारशेच्या आसपास निमंत्रित होते. पुढे साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने जोडलेली होती आणि निघताना एकवीस तोफांची सलामी झाली होती. हे सगळे शाळेच्या पुस्तकांपासून पर्यटनाच्या पत्रकांपर्यंत छापलेले सापडते. रुळांकाठी जमलेल्या ठाणेकरांपुढे मात्र त्या दिवशी एक वेगळीच अडचण होती. समोर जे धूर ओकत उभे होते, त्याला म्हणायचे काय?

मराठीने ही अडचण जुन्याच सामानातून सोडवली. बैलगाडीत पहिला शब्द सांगतो की गाडी कोण ओढते. घोडागाडीतही तेच. वाफेवर चालणाऱ्या जहाजाला आगबोट म्हणायची सवय मुंबईच्या किनाऱ्यावर आधीच लागली होती. तेव्हा बैलाच्या जागी आग जुंपली गेली आणि आगगाडी तयार झाली. लोखंडी रस्ता, अग्निरथ अशीही नावे त्या काळच्या लिखाणात भेटतात. जुन्या आठवणींत आणखी एक नाव येते : चाक्या म्हसोबा. म्हसोबा हा शेताच्या बांधावरचा, नैवेद्य न मिळाल्यास कोपणारा देव. त्याला चाके फुटली, एवढाच या नावाचा अर्थ. ‘आगगाडी’ने यंत्राला वाहनांच्या रांगेत बसवले, ‘चाक्या म्हसोबा’ने ज्यांची मर्जी राखावी लागते अशा शक्तींच्या रांगेत. वस्तू एकच, पण ती कशाच्या शेजारी ठेवून पाहायची, यावर तिचा अर्थ ठरला.

असे का होते, हे शास्त्र म्हणून मांडायला पुढे सव्वाशे वर्षे जावी लागली आणि ते मांडले गेले कॅलिफोर्नियात. पण त्या शास्त्राला लागणारा कच्चा माल ठाणे ते कल्याण या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या साठत होता. रेल्वेने इथे वस्ती वाढवली, नोकऱ्या दिल्या, जमिनींचे भाव चढवले. त्याचा हिशेब अनेकांनी मांडला आहे. तिने इथल्या माणसाच्या बोलण्यातले पुढे-मागे, पूर्व-पश्चिम, लवकर-उशिरा आणि आत-बाहेर यांचे अर्थही नव्याने घडवले.

ठाण्यापुढचे काम कठीण होते. खाडीवर पूल बांधायचा होता आणि पारसिकच्या डोंगरातून वाट काढायची होती. जेम्स बर्कली हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता. त्याच्या देखरेखीखाली पूल झाला, मुंब्य्राजवळ डोंगर पोखरून देशातले पहिले रेल्वे बोगदे झाले आणि १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोचली. पुढे कल्याणहून दोन फाटे फुटले. एक कसाऱ्यावरून थळ घाटाकडे आणि दुसरा कर्जतवरून बोरघाटाकडे. १८६३ साली बोरघाट पार झाला आणि १८६५ साली थळ घाट.

ज्या माणसाने तोवर बैलगाडीतून किंवा पायी प्रवास केला होता, त्याला डब्याच्या खिडकीत बसल्यावर एक नवीन गोष्ट दिसली. आपले अंग स्थिर आहे आणि गावे पळत आहेत. बैलगाडीत हिसके बसतात, चाक खड्ड्यात जाते, बैलाला हाकावे लागते. आपण जात आहोत हे विसरता येत नाही. रुळांवर ते विसरता येते. आजही कल्याणकडे निघालेल्या डब्यात डुलकी लागलेला माणूस दचकून उठतो आणि शेजाऱ्याला विचारतो, “मुंब्रा गेलं का?” उत्तर येते, “कधीच गेलं. कोपर आलं आता.” मुंब्रा पारसिकच्या पायथ्याशी ठाम बसलेले आहे. जातो तो माणूस. तरी वाक्यात गाव हलते आणि माणूस जागेवर राहतो.

यात चुकीचे काही नाही. एकाच दृश्याकडे पाहताना कशाला स्थिर धरायचे आणि कशाला हलते, ही निवड भाषा बोलणाऱ्याच्या हाती ठेवते. लेनर्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने या निवडीचा जन्मभर अभ्यास केला. ‘रस्ता डोंगराकडे जातो’, ‘भिंत ओढ्यापर्यंत धावते’ अशा वाक्यांत काहीही हलत नसताना क्रियापद गतीचे का येते, याचे उत्तर त्याने पाहणाऱ्याच्या नजरेत शोधले. नजर रस्त्यावरून सरकते, म्हणून रस्ता ‘जातो’. रोनाल्ड लँगॅकर याने त्याच सुमारास म्हटले की वाक्याचा अर्थ म्हणजे केवळ बाहेरची घटना नाही. ती घटना कोणत्या बाजूने, किती जवळून आणि कशावर लक्ष ठेवून पाहिली, हेही अर्थातच मोडते.

या मंडळींच्या आधी भाषेचा अभ्यास होत नव्हता असे नाही. ठाणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर १९०५ साली ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड निघाला, स्टेन कोनो याने तयार केलेला. आगरी, कोळी, ठाकरी, कातकरी, वारली या बोलींचे नमुने त्यात आहेत. दिवा, मुंब्रा, कोपर या पट्ट्यातल्या मूळ गावांत जी आगरी बोलली जाते, तिची ही सुरुवातीची मोठी छापील नोंद. पद्धत अशी की बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत सांगून घ्यायची आणि रूपे ताडून पाहायची. प्रत्यय कुठे बदलला, ‘ळ’चा ‘ल’ कुठे झाला, हे त्यातून नेमके कळते. रुळांशेजारच्या आगरी माणसाला आगगाडी कशी दिसली, हे अर्थातच त्या गोष्टीतून कळणार नव्हते. त्या गोष्टीत आगगाडी नव्हती.

१९५७ नंतर नोम चॉम्स्कीने भाषाशास्त्राची दिशा पालटली. वाक्ये कोणत्या नियमांनी तयार होतात, हा प्रश्न मध्यभागी आला आणि अर्थ काठाला गेला. त्याविरुद्ध बंड झाले ते बरेचसे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात. मानसशास्त्रज्ञ एलेनॉर रॉश हिने १९७० च्या दशकात दाखवले की ‘पक्षी’ म्हटल्यावर लोकांच्या मनात व्याख्या येत नाही, चिमणीसारखा एक ठळक नमुना येतो. शहामृग त्या वर्तुळाच्या कडेला कुठेतरी उभा असतो. चार्ल्स फिलमोर याने सांगितले की एकट्या शब्दाला अर्थ नसतो, त्यामागे एक अख्खा प्रसंग उभा असतो. ‘विकणे’ कळायला गिऱ्हाईक, माल, पैसा आणि दुकानदार हे सगळे आधी ठाऊक असावे लागतात. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांचे रूपकांवरचे पुस्तक १९८० साली आले. रूपक हा कवितेचा दागिना नाही, रोजच्या विचाराचे ते हत्यार आहे आणि ते शरीराच्या अनुभवातून येते, हा त्याचा गाभा. १९८९ च्या वसंतात जर्मनीतल्या ड्यूसबुर्ग शहरात या विचाराच्या लोकांची परिषद भरली, पुढच्या वर्षी नियतकालिक निघाले आणि बोधात्मक भाषाविज्ञान ही स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहिली.

मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल आणि ते वाटणे रास्त आहे. काव्यशास्त्रातली लक्षणा हीच गोष्ट फार आधी सांगत होती. ‘भाले आत शिरतात’ या शास्त्रातल्या प्रसिद्ध उदाहरणात भाले म्हणजे भालेकरी. शब्दाचा सरळ अर्थ जुळत नाही, दुसऱ्या अर्थाशी त्याचे नाते असते आणि त्यामागे रूढी किंवा काही हेतू असतो, या तीन अटी मम्मटाने काश्मिरात बसून हजार वर्षांपूर्वी नोंदल्या. नव्या शाखेने त्यात भर घातली ती अशी : ही करामत कवींपुरती नाही. सकाळच्या लोकलला धावणाऱ्या कारकुनाचे बोलणेही याच करामतीवर चालते.

त्या कारकुनाचे घड्याळ तयार होण्याची हकीगत मोठी रंजक आहे. रेल्वेच्या आधी ठाणे-कल्याणच्या माणसाचा दिवस घटकांनी मोजला जाई. दिवसाच्या साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची. पंचांगातल्या मुहूर्तासाठी घटका-पळे काटेकोर असत. एरवी ‘घटकाभर बसा’ म्हणजे थोडा वेळ बसा. रेल्वेला थोडा वेळ चालत नव्हता. १८७० च्या सुमारास देशभरच्या रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालू लागल्या. ही वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा अर्धा तास पुढे होती. म्हणजे स्टेशनातल्या घड्याळात आठ वाजत, तेव्हा गावात साडेसातच झालेले असत. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन याने मद्रासची वेळ साऱ्या मुंबई शहरावर लादून पाहिली. लोक इतके बिथरले की दोन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटे पुढे. मुंबई नगरपालिकेने आपली जुनी वेळ त्यानंतरही सोडली नाही. १९५५ पर्यंत ती टिकून राहिली.

या भांडणाचे राजकारण इतिहासकारांनी लिहिले आहे. भाषेच्या अंगाने पाहिले तर त्यातून एकाच शब्दाचे दोन वापर तयार झाले. घरात ‘मिनिटभर थांब’ म्हणजे चहा उकळेपर्यंत थांब. फलाटावर मिनिट म्हणजे मिनिट. तिथे ते सैल होत नाही, कारण तिथे त्यामागे दुसरा प्रसंग उभा असतो : सुटणारी गाडी, कार्यालयातला हजेरीपट, पुढच्या गाडीची न मावणारी गर्दी. फिलमोरला जे सांगायचे होते ते ठाण्याच्या जिन्यावरून धावत उतरणाऱ्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत पहिली विजेची गाडी धावली आणि त्या दशकाच्या अखेरीस कल्याणपर्यंतचा मार्ग विजेवर आला. आगगाडीतली आग गेली. नाव मात्र काही पिढ्या टिकले आणि मग तेही गळून नुसते ‘गाडी’ उरले. ठाणे-डोंबिवलीत आज ‘गाडी’ म्हणजे काय, हे वेळेवर अवलंबून आहे. सकाळी साडेसातला जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला “गाडी मिळेल ना?” असे विचारले तर ती लोकल असते. रविवारी दुपारी त्याच शेजाऱ्याने “गाडी काढतोय” म्हटले तर ती इमारतीखाली लावलेली मोटार. रॉशच्या चिमणीची जागा इथे वेळेनुसार बदलते.

लोकलची संख्या वाढली तशी एकेका गाडीला नाव हवे झाले. मेल-एक्स्प्रेसना डेक्कन क्वीन, सिंहगड अशी भारदस्त नावे मिळाली. लोकलला तिची सुटण्याची वेळच नाव म्हणून चिकटली. ‘सात-बावीस’ ही वेळ, ती गाडी आणि त्या गाडीने जाणारी माणसे, तिन्ही झाली. “सात-बावीस अजून आली नाही” हे वाक्य सात वाजून एकतीस मिनिटांनी उच्चारले जाते आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. तिच्यातल्या एका डब्यात वर्षानुवर्षे एकत्र बसणारा गट म्हणजे ‘सात-बावीसवाले’. दसऱ्याला डबा सजवणारे, आरती करणारे, कुणाच्या मुलाचे लग्न असले की आहेर देणारे. भाल्यांवरून भालेकऱ्यांकडे जाणारा मम्मटाचा रस्ता वेळेवरून गाडीकडे आणि गाडीवरून गोतावळ्याकडे असा दोन टप्प्यांत कापला गेला.

‘फास्ट’ आणि ‘स्लो’ची गंमत अशीच. रेल्वेच्या घोषणेत ‘जलद’ आणि ‘धीमी’ लोकल येते. डब्यात ते शब्द कुणी वापरत नाही. फास्ट म्हणजे वेगाने धावणारी गाडी असे डोंबिवलीकर समजत नाही. फास्ट म्हणजे मधली स्टेशने सोडणारी. ती सिग्नलला वीस मिनिटे उभी राहिली तरी फास्टच राहते. याच लोकांच्या बोलण्यात ‘अप-डाउन करणे’ हे क्रियापद रुजले. मुंबईकडे ते अप, मुंबईपासून दूर ते डाउन. चढ-उताराशी त्याचा संबंध नाही. सत्ता वर असते आणि अधीन खाली, हे लेकॉफ-जॉन्सनच्या पुस्तकातले अगदी सुरुवातीचे उदाहरण. रेल्वेने त्याला रूळ घालून दिले आणि त्या रुळांवरून रोज लाखो माणसे ‘वर’ जाऊन ‘खाली’ येतात.

दिशांची कथा याहून खोल जाते. ‘पूर्व’ या संस्कृत शब्दाचा अर्थ समोरचे आणि आधीचेही. म्हणून ‘पूर्वी’ म्हणजे मागच्या काळी. ‘पश्चिम’चे नाते ‘पश्चात’शी आहे, म्हणजे पाठीमागचे, नंतरचे. ‘दक्षिण’ म्हणजे उजवीकडचे. म्हणूनच देव उजव्या हाताला ठेवून घालायची ती प्रदक्षिणा. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या अंगावरून या दिशांची नावे पडली. शरीरातून अर्थ कसा निघतो, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण शोधूनही मिळायचे नाही.

मग रूळ आले आणि सूर्याची जागा त्यांनी घेतली. कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली या भागात मार्ग नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे तिरका जातो. होकायंत्र हातात घेऊन पाहिले तर ‘डोंबिवली पूर्व’ खरे म्हणजे आग्नेयेला पसरली आहे आणि ‘डोंबिवली पश्चिम’ वायव्येला, उल्हासच्या खाडीकडे. व्यवहारात हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. रिक्षावाला ‘ईस्ट की वेस्ट?’ विचारतो, तेव्हा तो सूर्याबद्दल विचारत नसतो. रुळांच्या कोणत्या अंगाला, एवढेच त्याला हवे असते. कल्याणात आणि ठाण्यातही तेच. टपालाचा पत्ता, शाळेचे नाव, लग्नाच्या स्थळाची चौकशी, सगळे या दोन शब्दांवर चालते. पूल ओलांडणे म्हणजे दिशा बदलणे. मानववंशीय भाषाशास्त्रात स्टीफन लेव्हिन्सन याने डावे-उजवे न म्हणता उत्तर-दक्षिण म्हणणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या गुगू यिमिथिर लोकांवर पुष्कळ लिहिले आहे. उपनगरातला माणूस त्या दोन्हींच्या मधला एक तिसराच प्रकार वापरतो : नावे आकाशातली, मोजमाप लोखंडाचे.

काळाचेही असेच. ‘दिवाळी आली’, ‘परीक्षा जवळ आली’ असे म्हणताना काळ आपल्याकडे चालत येतो. ‘मेपर्यंत पोचलो की सुटलो’ म्हणताना आपण काळातून चालत जातो. मुंब्रा जाते आणि डोंबिवली येते, तशीच ही दोन दृश्ये. लेरा बोरोदित्स्की आणि मायकेल रामस्कर यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथल्या प्रवाशाला फार जवळचा वाटावा. त्यांनी रांगेत उभ्या असलेल्या, विमानतळावर आलेल्या आणि कॅलिफोर्नियातल्या आगगाडीत बसलेल्या माणसांना एक प्रश्न टाकला. पुढच्या बुधवारची बैठक दोन दिवसांनी सरकवली, तर आता ती कोणत्या वारी? सरकवण्यासाठी त्यांनी वापरलेला इंग्रजी शब्द दोन्ही बाजूंना वळणारा होता. काहींनी सोमवार सांगितला, काहींनी शुक्रवार. गाडीतल्या लोकांपैकी ज्यांचा प्रवास नुकताच सुरू झाला होता किंवा संपत आला होता, त्यांचा कल शुक्रवारकडे जास्त होता. स्वतःच्या प्रवासाचा विचार मनात ताजा असला की माणूस काळातूनही स्वतःच चालू लागतो. मराठीत हा प्रश्न जसाच्या तसा विचारता येणार नाही. बैठक ‘पुढे ढकलली’ म्हणजे ती लांबलीच. उलट दिशेला ती ‘अलीकडे आणावी’ लागते.

१९६० नंतर मुंबईतली जागा परवडेनाशी झालेली मध्यमवर्गीय कुटुंबे या मार्गावर सरकू लागली. ठाणे महापालिका १९८२ साली झाली आणि कल्याण-डोंबिवलीची १९८३ साली. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर गेली होती. गाड्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. आता भाषेला गर्दीचा अर्थ लावायचा होता.

बाकावर जागा तिघांची असते. चौथा कडेवर अर्धा टेकतो, एक पाय वाटेत. त्याला ‘चौथी सीट’ म्हणतात. ती सीट आहे असे कुठल्याही नियमात नाही, तरी ती मागायचा हक्क प्रत्येकाला आहे आणि ‘जरा सरकून घ्या’ म्हटल्यावर तिघांना सरकावेच लागते. बायकांच्या डब्यात “कुठे उतरणार?” हा प्रश्न चौकशीचा नसतो. तो जागेवरचा दावा असतो. “ठाणे” असे उत्तर मिळाले की ठाण्याला रिकामी होणारी जागा विचारणारीची झाली. मध्ये तिसरीने विचारले तर तिला “सांगितलीये” एवढेच ऐकायला मिळते. क्रियापद एक, कर्ता नाही, कर्म नाही आणि तरी व्यवहार पक्का. डोंबिवलीहून आधी उलटे कल्याणला जाऊन, तीच गाडी मुंबईकडे फिरताना बसून येणाऱ्यांचे ‘रिटर्न येणे’ हेही असेच. शब्द इंग्रजी, अर्थ पूर्णपणे स्थानिक.

गर्दीतल्या माणसाचे सगळ्यात बोलके क्रियापद मात्र शुद्ध मराठी आहे : खाणे. प्रवासी धक्के खातो, दारात हवा खातो, कधी बोलणी खातो. गाडी वेळ खाते. प्रशांत परदेशी हे जपानच्या राष्ट्रीय भाषासंशोधन संस्थेत काम करणारे मराठी अभ्यासक. त्यांनी पीटर हुक यांच्यासह आशियाई भाषांतल्या ‘खाण्या’चा पाठपुरावा केला आणि २००९ साली त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला. अन्न बाहेरून आत येते, त्याचा परिणाम खाणाऱ्याच्या देहावर होतो. हाच धागा पकडून मार, धक्का, शपथ, लाच हे सगळे ‘खाल्ले’ जाते. मार खाणारा काहीच करत नसतो. त्याच्यावर ते केले जाते, तरी वाक्यात तो कर्ता असतो.

इथून पुढे व्याकरणाचा प्रश्न गंभीर होतो. टाल्मीने १९८८ साली मांडलेला एक विचार असा की भाषेतल्या कितीतरी रचना जोर, अडवणूक आणि मोकळीक यांची मोजदाद ठेवतात. मराठीत ते काम ‘देणे’ करते. ‘उतरू द्या’, ‘चढू देत नाहीत’, ‘आत येऊ दिलं नाही’. दिवा स्टेशनावर हे क्रियापद रोज भांडणात वापरले जाते, कारण कल्याण-डोंबिवलीहून भरून आलेल्या गाडीचे दार तिथे अडलेले असते. २ जानेवारी २०१५ रोजी सकाळी गाड्यांचा खोळंबा झाला आणि दिव्यात लोकांचा उद्रेक झाला. दगडफेक झाली, वाहने जाळली गेली. त्याच्या मुळाशी वर्षानुवर्षांचे हे ‘चढू न देणे’ होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा या टप्प्यावरची पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली आणि जलद लोकल १९१६ सालच्या सव्वा किलोमीटर लांबीच्या पारसिक बोगद्यातून जायच्या थांबल्या. त्या आता मुंब्य्रावरून जातात. बोगदा ही अनेक पिढ्यांची खूण होती. डब्यात अंधार झाला की डोंबिवलीचे लोक पिशव्या सावरून दाराकडे सरकू लागत, स्टेशनाचे नाव कुणाला उच्चारावे लागत नसे. ती खूण गेली, नवी वळणे आली.

९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसे रुळांवर फेकली गेली. त्या दिवशी चार जण मेले. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांत रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून गेलेले सर्वाधिक. अशा मृत्यूंच्या बातम्यांत एक ठरलेले वाक्य येते : ‘तोल जाऊन पडला’. तोल त्याचा, जाणाराही तोच, पडणाराही तोच. आतून रेटणारे, दार अडवणारे, गाड्या न वाढवणारे, कुणीच या वाक्यात नसते. मराठीत ‘पडणे’ला ‘पाडणे’ आहे आणि ‘जाऊ न देणे’ही आहे; त्यांतले काहीही बातमीत येत नाही. हे वाक्य खोटे नाही. पण ते जिथे कॅमेरा लावते तिथून फक्त दारातला एक माणूस दिसतो, आणि हा कॅमेरा बदलणे पत्रकारांच्या व रेल्वेच्या हातात आहे. मेलेल्यांच्या घरच्यांना नुकसानभरपाईसाठी न्यायाधिकरणासमोर उभे राहावे लागते, तेव्हा तो पडला कसा, हाच प्रश्न तिथे पहिल्यांदा विचारला जातो.

त्या अपघातानंतर रेल्वेने उपनगरी गाड्यांना आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२० पासून याच मुख्य मार्गावर धावणाऱ्या वातानुकूलित लोकलना ती आहेतच आणि ठाणे-डोंबिवलीत त्यांना नुसते ‘एसी’ म्हणतात. घरातला एसी पुल्लिंगी, तो लावतात. रुळांवरची मात्र स्त्रीलिंगी, गाडीच्या आणि लोकलच्या वळणावर गेलेली. “एसी आली,” असे फलाटावर कुणी म्हटले की साध्या तिकिटाचे लोक दोन पावले मागे सरतात. ती गेल्यावर मागून येणाऱ्या गाडीसाठी ते पुन्हा पिवळ्या पट्ट्यावर येऊन उभे राहतात.